शून्य तारखेचं सुतक

एका शनिवारी माझ्या हातून घरातली दोन माणसं वारली. दोघंही दुपारी जेवायला होती.

गोष्ट घरोघरी ब्रॉडबँड यायच्या आधीची आहे. तेव्हा नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या घरात इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किंचाळत यायचं, आणि ते आलं की फोन बंद. मी पस्तिशीत होते, दोन्ही पोरं शाळेत जायला लागली होती आणि मला काही केल्या स्वस्थ बसवत नव्हतं. शिवणाचा क्लास झाला, केकचा झाला, मेणबत्त्यांचा झाला. (मेणबत्त्या अजून आहेत. दिवे गेले तरी आम्ही त्या लावत नाही, धूर होतो.) अशात कॉलेज रोडवर ‘वेब डेव्हलपमेंट, सर्व्हर साइड प्रोग्रॅमिंगसह’ अशी पाटी दिसली. सर्व्हर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण ‘सह’ म्हटल्यावर काहीतरी जास्तीचं मिळतंय असं वाटून मी त्याच दिवशी नाव घातलं.

वर्गात मी सोडून सगळे विशीतले. सर म्हणायचे, फ्रेमवर्कच्या नादी लागू नका, ते इडलीचं तयार पीठ आहे, आधी डाळ-तांदूळ भिजवायला शिका. मला ते लगेच पटलं, कारण फ्रेमवर्क माझ्या कॉम्प्युटरवर सुरूच होत नव्हतं. कोड लिहायचा एडिटर मात्र मी झोकातला घेतला होता. त्यात काही शब्द निळे दिसायचे, काही हिरवे, काही लाल. काय चुकलंय ते कळायचं नाही, पण पडदा भरल्यासारखा वाटायचा. मी संध्याकाळी असा पडदा भरत असताना कुकर लावणं, पोरांचे पाढे घेणं हे सगळं माझी नणंद सुषमा बघायची. ती दिवसभर बँकेत काम करून यायची आणि तरी कधी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

कोर्सच्या शेवटी एक मोठा प्रोजेक्ट करायचा होता. मी आमच्या घराण्याची वेबसाइट केली. माझे सासरे, नाना, यांच्याकडे सगळ्या भाऊबंदांच्या याद्या होत्याच. प्रत्येकाचं नाव, फोटो, जन्मतारीख, हुद्दा आणि मृत्यूच्या तारखेचा एक रकाना असं मी सगळं डेटाबेसात भरलं. त्यात माझी खास करामत होती. मृत्यूचा रकाना रिकामा असेल तर माणूस हयात. रिकामा नसेल तर नावाआधी आपोआप ‘कै.’ लागायचं, फोटोला चंदनाचा हार पडायचा आणि खाली समई लुकलुकायची! ती हलत्या ज्योतीची समई शोधायला मला तीन दिवस लागले होते. सरांना दाखवली तेव्हा सगळा वर्ग खुर्च्या सोडून बघायला आला होता.

वेबसाइट सुरू झाल्यावर पहिली तक्रार हरसूलच्या आप्पांची आली. आप्पा म्हणजे नानांचे सख्खे चुलतभाऊ. बायको गेल्यापासून ते तिकडे एकटेच राहायचे. कुणीतरी त्यांना त्यांच्या पानाची छापील प्रत नेऊन दाखवली, आणि लगेच त्यांचं पोस्टकार्ड आलं. मी त्यांना ‘निवृत्त शिक्षक’ लिहिलं होतं, ते निवृत्त मुख्याध्यापक होते, सबब दुरुस्ती व्हावी. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांची नोंद उघडली, हुद्दा बदलला, ‘सेव्ह’ दाबलं आणि दूध उतू जातंय म्हणून उठले. झालेलं पान उघडून बघितलं नाही.

शनिवारी सकाळी सातला अमेरिकेहून नानांच्या पुतण्याचा, मुकुंदचा, फोन आला. आप्पा गेल्याचं मला इतक्या लांब कळतं आणि तुम्ही साधा फोन करत नाही, असं म्हणून तो रडायलाच लागला. नाना मटकन खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, मुकुंदला हरसूलहून कळलं असणार. त्यांनी हरसूलला फोन लावला, पण पावसाळ्यात तिकडची लाइन चार महिने मेलेलीच असायची. मग मी म्हटलं, थांबा, मी खरं काय ते बघते. मी कॉम्प्युटर सुरू केला, माझीच वेबसाइट उघडली आणि बाहेर येऊन सांगितलं, “खरं आहे नाना. वेबसाइटवर आलंय.”

(हे वाक्य मला अजूनही भाजी निवडताना मध्येच आठवतं आणि मी एकटीच मान हलवते.)

आता तुम्ही म्हणाल, शंका कशी आली नाही? नोंदी दुरुस्त करायचा पासवर्ड मी नात्यातल्या चौदा जणांना दिला होता. त्यांतल्याच कुणीतरी तत्परतेने खबर भरली असणार, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर दुःखातही जरा बरं वाटलं, की चला, लोक साइट वापरतायत.

पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुषमाचा साखरपुडा होता! आप्पा भाऊबंदांतले, म्हणजे आम्हा सगळ्यांना दहा दिवस सुतक, म्हणजे साखरपुडा बंद. आणि मुलगा मस्कतला नोकरीला, सोमवारचं विमान, पुन्हा सुट्टी वर्षाने. सुषमा एकतीस वर्षांची होती. आजवर सात-आठ ठिकाणी कधी त्यांनी, कधी हिने नाही म्हटलं होतं. या मुलाला मात्र ती आपणहून हो म्हणाली होती आणि गेले पंधरा दिवस पोळ्या लाटताना गुणगुणत होती. तिने हँगरला लावलेली पैठणी काढली, घडी केली आणि कपाटात ठेवून दिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मला त्या घडीकडे बघवेना.

श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, ओझरच्या विमान कारखान्यात होता. त्याने रजा टाकली आणि भर पावसात मोटरसायकलवरून हरसूलला निघाला. इकडे नानांनी इगतपुरीला बहिणीला कळवलं. आत्या मिळेल त्या गाडीने निघाल्या आणि दहाच्या आत पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात हजर. “लय सोन्यासारखा माणूस व्हता गं,” म्हणत त्या सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. मग सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळी केल्या. मी दोनदा केली, कारण पहिल्या वेळी साबण लावला की नाही ते आठवेना. त्यानंतर नानांनी पंचवटीतल्या गुरुजींना बोलावून घेतलं. उद्याचा कार्यक्रम होण्यासारखी काही वाट निघते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

गुरुजी पाटावर बसले, पंचांग उघडलं आणि आप्पा नेमके कधी वारले ते त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन पडद्यावरचं कागदावर उतरवून आणलं.

“शून्य तारीख,” मी वाचलं.

“म्हणजे?”

“शून्य महिना. आणि साल शून्य, शून्य, शून्य, शून्य.”

गुरुजींनी पंचांग मिटलं, चष्मा काढून उपरण्याला पुसला आणि शांतपणे म्हणाले, “सूनबाई, या तिथीला आजवर कुणी वारलेलं नाही. त्यांना कुणी मारलं ते तुम्ही आधी बघा, मग मी सुतक बघतो.”

मी पळतच कॉम्प्युटरपाशी गेले. कालच्या माझ्या दुरुस्तीमुळे हे झालं असेल का? तपासायचं तर आणखी एकाची नोंद दुरुस्त करून बघायला हवी. कुणाची घेऊ? नानांची घ्यायचा धीर होईना. सासूबाईंची घेतली असती तर लोकांना वेगळंच वाटलं असतं. श्रीकांत घरात नव्हता, म्हणून त्याची घेतली. त्याच्या हुद्द्यापुढे एक टिंब टाकलं, ‘सेव्ह’ दाबलं आणि या वेळी पान उघडून बघितलं. कै. श्रीकांत. हार. समई.

आता लख्ख कळलं. दुरुस्तीचा फॉर्म मृत्यूचा रकानाही सोबत पाठवत होता. मी तो रिकामा पाठवत होते, पण सर्व्हरला रिकामी तारीख चालत नव्हती, तो तिथे आपल्या मनाने शून्यं भरत होता. आणि माझा कोड फक्त रकाना रिकामा आहे का एवढंच विचारत होता. शून्यं भरली म्हणजे रिकामा नाही, म्हणजे माणूस गेला! आमच्या घराण्यात जो कुणी माहिती दुरुस्त करून घेईल तो त्याच क्षणी कैलासवासी होणार होता.

हे सगळं कळत होतं, तरी तो फोटो बघून मी आधी देवाला हात जोडले. बाहेर पाऊस कोसळत होता, श्रीकांत त्या वळणावळणाच्या रस्त्यावर होता आणि इथे त्याच्या फोटोला मी हार घातला होता. त्याला परत आणायचं म्हणून मी टिंब काढलं आणि ‘सेव्ह’ दाबलं. पुन्हा हार. पुन्हा दाबलं. घाबरून मी नवऱ्याला एकूण नऊ वेळा मारलं. दहाव्या वेळी लाइन तुटली. पान तसंच पडद्यावर राहिलं आणि समई लुकलुकत राहिली.

तेवढ्यात बेल वाजली. आत्यांनी दार उघडलं आणि त्या आवाज न करता उंबऱ्यावरच खाली बसल्या. दारात आप्पा होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात साखरपुड्यासाठी आणलेली घरच्या तांदळाची पिशवी. उद्या एसटीचा भरवसा नाही म्हणून ते आजच निघाले होते. घरात कुणीच बोलत नाही आणि आतल्या खोलीत मी हुंदके देतेय, हे ऐकून ते सरळ आत आले. त्यांनी पडद्यावर श्रीकांतचा फोटो बघितला. याच श्रीकांतला त्यांनी हरसूलला ठेवून घेऊन दोन वर्षं शिकवलं होतं. पिशवी हातातून सुटली आणि तांदूळ खोलीभर झाले.

“कधी झालं हे?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच आप्पा,” मी रडत म्हणाले, “मीच केलं.”

पुढचा अर्धा तास मी सर्व्हर म्हणजे काय ते पहिल्यांदाच इतक्या लोकांना समजावून सांगितलं. गुरुजींना सगळ्यात आधी कळलं. आप्पांना मात्र श्रीकांतला डोळ्यांनी बघेपर्यंत काही पटेना. तो दीड वाजता चिंब भिजून आला. हरसूलच्या घराला कुलूप दिसलं, शेजारपाजारी सगळे शेतावर भाताच्या आवणीला गेलेले. वाटेत त्र्यंबकला घेतलेला हार तसाच त्याच्या हातात होता. आप्पांनी उठून त्याला घट्ट मिठी मारली. श्रीकांतही कधी नव्हे ते त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. मग दोघं शेजारी बसून आत्यांनी आणलेलं पिठलं जेवले. सुषमाने पैठणी परत हँगरला लावली. मी कोड दुरुस्त करायला उठले, तर नानांनी आधीच टेलिफोनची तार भिंतीतून उपटून खिशात घातली होती.

रविवारी मुलाकडची मंडळी वेळेवर आली. चहा झाला, ओळखी झाल्या. आता कुंकू लावायचं, तेवढ्यात मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, “नाना, आमची एक अट आहे.”

नानांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी माझा हात दाबला. इतक्या आटापिट्याने वाचवलेला साखरपुडा आता देण्याघेण्यावर मोडतो की काय, असं मला वाटलं.

“हुंडा नको, मानपान नको,” ते म्हणाले. “पण आमच्या मुलाने काल तुमची वेबसाइट बघितली. सकाळी बघितली तेव्हा हे आप्पा गेले होते, दुपारी बघितली तेव्हा हे श्रीकांतराव. दोघं समोर बसलेत, आनंद आहे. तरी लग्न झाल्यावर वहिनींनी आमच्या मुलाचं नाव तेवढं त्यात घालू नये.”

बैठकीत नवऱ्या मुलीने बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. पण नाना तोंड उघडायच्या आत सुषमाच म्हणाली, “मान्य आहे.”