दुपारच्या उन्हात चालताना

दुपारी एक ते चार जामसंड्यात सहसा कोणी रस्त्यावर दिसत नाही. मीही दिसत नसे. पाण्याच्या पंपांचं दुकान एकला बंद करायचं, घरी येऊन कढी-भात आणि मासे जेवायचे आणि आडवं व्हायचं, हा माझा क्रम वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता.

गेल्या वर्षी कमरेचा पट्टा अपुरा पडू लागला, म्हणून देवगडला जाऊन रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर मर्यादेत होती. तीन महिन्यांची सरासरी काठावर. इन्शुलिन मात्र हवं त्याहून बरंच जास्त. आकडे जुळले नाहीत की मला चैन पडत नाही. माझा थोरला भाऊ मधुमेही, रोज पोटात इन्शुलिन टोचून घेतो. त्याला ते कमी पडतं, माझ्यात जास्त आहे, म्हणजे मी सुरक्षित, असा हिशेब मी डॉक्टरांपुढे मांडला.

"तुम्ही त्याच वाटेवर आहात, फक्त थोडे मागे," डॉक्टर म्हणाले. "पंप विकता ना? पाइपात गाळ बसला तरी टाकीत पाणी पोचतं. कसं?"

"मोटर जास्त लोड घेते."

"तुमचं स्वादुपिंड तेच करतंय. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, म्हणून ते जास्त इन्शुलिन सोडून साखर आवरून धरतं. भावाची मोटर दमली. तुमची अजून चालतेय."

"आणि गाळ?"

"बऱ्याच जणांचा बराचसा निघतो. पोट उतरवा. भात निम्मा करा, मासे आणि कडधान्यं वाढवा. जेवल्यावर झोपू नका, चाला. चालणारे स्नायू फारसं इन्शुलिन न मागता साखर घेतात. तीन महिन्यांनी बघू. फरक नसेल तर गोळी सुरू करू."

मला भावाच्या जागी जायचं नव्हतं. निम्म्या भाताची सवय आठवड्याभरात झाली. चालताना अडचण आली ती वेगळीच. आमच्याकडे रस्त्यात माणूस दिसला की कुठे निघाला ते विचारतात, आणि उत्तरात गावाचं किंवा दुकानाचं नाव लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. पहिल्याच दुपारी समोरच्या काकींनी पडवीतून हटकलं.

"खंय चललंस रे?"

"खंय नाय, काकी. असोच."

"असोच? ह्या उन्हात?" काकी उठून बसल्या. "बायलेन भायर काढल्यान काय रे तुका?"

मी खरं कारण सांगितलं. त्यांना ते अगदीच लंगडं वाटलं असावं, कारण दोन दिवसांत आमच्या भांडणाची बातमी मासळी बाजारात पोचली. बायको सुरमई घेऊन आली ती तणतणतच.

"फिरतास तुमी, आणि इचारतत माका. उद्यापासून मीय येतंय."

तेव्हापासून आम्ही दोघं छत्री घेऊन निघतो. ती माझ्यापेक्षा भरभर चालते आणि वाटेत कुणाच्या कुंपणावर काय फुललंय ते सांगते. भांडणाची बातमी आपोआप विरली.

तीन महिन्यांनी परत रक्त दिलं. इन्शुलिन बरंच उतरलं होतं आणि सरासरी काठावरून आत आली होती. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. चालणं सोडलंत तर गाळ परत बसेल, एवढं बजावलं.

आता दोघं भरदुपारी एकत्र दिसलो की लोकांना दवाखानाच आठवतो.

"कोण आजारी आसा गो?" काकी परवा तिला विचारत होत्या.

"कोणच नाय," ती म्हणाली. हे उत्तर मी माझ्या नव्या अहवालाशी ताडून पाहिलं आहे, बरोबर आहे.