विहीणबाईंच्या गाडीची काच

त्यांना सगळे दोरीवाले म्हणत. दुकानाच्या पाटीवर 'गाड्यांच्या काचा बसवून मिळतील' एवढंच लिहिलं होतं, दोरीचा त्यात उल्लेखही नव्हता. पण गेल्या अडतीस वर्षांत त्यांच्या खिशात दोरी नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. बुटाच्या नाडीपेक्षा जराशी जाड, गुळगुळीत, पाच मीटर लांब. रुमाल विसरत, चष्मा विसरत, एकदा तर दुकानाचं कुलूप लावायचंच विसरले होते, पण दोरी कधी विसरले नाहीत.

हल्लीच्या गाड्यांची पुढची काच चिकटवतात. जुन्या गाड्यांचं तसं नाही. काचेच्या चारी बाजूंनी रबराची जाड किनार असते. त्या किनारीच्या खाचेत दोरी घालायची, तिची दोन्ही टोकं खाली मधोमध आणून गाडीच्या आत सोडायची आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. मग एकाने आत बसून दोरी ओढत जायचं. दोरी निघेल तसतशी रबराची पाती, म्हणजे किनारीची आतली कड, पत्र्यावर चढत जाते, आणि त्याच वेळी दुसऱ्याने बाहेरून, नेमकं त्याच जागी, तळव्याने दाबायचं. आतल्याचं आणि बाहेरच्याचं जमलं पाहिजे. दोरीवाल्यांचं जमायचं, कारण बाहेर त्यांची बायको असायची.

"लग्नाला तेहेतीस वर्षं झाली," बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "त्यातली निम्मी आम्ही एकमेकांकडे काचेतून बघण्यात घालवली. म्हणून टिकलं."

हे सगळं दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सुरळीत चाललं होतं. मग एका फोटोवाल्याची जुनी व्हॅन आली. काच जवळजवळ बसली होती, उजवा वरचा कोपरा तेवढा राहिला होता, आणि तिथेच ती कट्‌कन तडकली. कोपऱ्यापासून खालपर्यंत. बाईंनी चटका बसावा तसे हात मागे घेतले. "माझाच हात जड पडला," त्या म्हणाल्या, आणि फोटोवाल्याकडे वळून, "माझी चूक झाली हो. माफ करा." बिचारा फोटोवाला चौकटीला प्लास्टिक लावून निघून गेला.

दोरीवाले आत बसले होते. चूक बाईंची नव्हती हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. गेले काही आठवडे त्यांचा उजवा अंगठा बधिर झाला होता, त्याच्यावर कुणी टोपण घातल्यासारखा. रबर कुठे दुमडलं की दोरी जड होते. ते आधी अंगठ्याला कळतं, आणि मग थांबायचं असतं. त्या दिवशी अंगठ्याला कळलं नाही आणि ते ओढत राहिले. हे सांगायला तोंड उघडावं, तोवर बाईंचं वाक्य बोलून झालं होतं. दोरीवाले फक्त "जाऊ दे" म्हणाले.

ते 'जाऊ दे' दोन महिने तसंच राहिलं. बाई त्यानंतर एकाही काचेला हात लावायला आल्या नाहीत. गिऱ्हाईक आलं की दोरीवाले सांगत, दोरीची कामं बंद केली. लोकांना वाटलं, वय झालं.

विहीणबाईंना मात्र तसं वाटलं नाही.

विहीणबाई म्हणजे त्यांच्या मुलीच्या सासूबाई. पेशाने दातांच्या डॉक्टर, वयाने दोरीवाल्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. त्यांची गाडी म्हणजे गडद हिरवी, दोन दारांची, मागे छप्पर उतरत गेलेली कूपे. मागच्या सीटवर माणसाने बसायचं ते गुडघे हनुवटीला लावून. स्वतःचा दवाखाना निघाला त्या वर्षी त्यांनी ती घेतली होती आणि आजवर दुसऱ्या कुणाला चालवायला दिली नव्हती. पोटच्या मुलालासुद्धा नाही. ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा पुढच्या काचेवर आदळला आणि तडा गेला. डॉक्टरबाई रोज सकाळी तड्याच्या टोकाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका देत आणि शेजारी तारीख लिहीत. "आज चार मिलिमीटर," हे नाश्त्याच्या टेबलावर सुनेला ऐकवत.

तीन महिने शोधून एका बंद पडलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या माळ्यावर त्या गाडीची काच सापडली. एकच होती. "ही शेवटची. ह्यानंतर कुठे मिळाली तर मलाही सांगा," दुकानदार म्हणाला होता. काच लाकडी खोक्यातून टेम्पोने निघाली, आणि टेम्पोच्या मागे, लाल ठिपक्यांआडून रस्ता बघत, डॉक्टरबाई.

आदल्या दिवशीच त्यांचा फोन आला होता. "व्याही, उद्या शनिवार. नऊला येते."

"विहीणबाई, दोरीची कामं मी बंद केली आहेत."

"का?"

"वय झालं."

"मी अजून अक्कलदाढा काढते. नऊला येते."

पाठोपाठ मुलीचा फोन. "बाबा, काहीही करा, पण नाही म्हणा! ती काच गेली ना, तर मला जन्मभर मिलिमीटरमध्ये ऐकावं लागेल."

दोरीवाले रात्री दोनदा उठून पाणी प्यायले.

नऊच्या ठोक्याला गाडी दुकानासमोर उभी राहिली. जुनी काच काढायला वेळ लागला नाही, कडक झालेलं रबर पात्याने कापलं आणि ठिपक्यांसकट काच निघाली. चौकटीच्या खालच्या कडेला नखाएवढा गंज होता. तो घासून, रंग लावून, वाळेपर्यंत त्यांनी नवी काच खोक्यातून बाहेर काढली, उजेडात धरली, बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवली. आवाज सगळीकडे सारखा आला. नवं रबर चढवलं, खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं. बाईंच्या मदतीने काच उचलून चौकटीवर टेकवली. उचलण्यापुरत्या त्या आल्या होत्या. काच टेकली तशी हात पुसत त्या दाराकडे वळल्या. घर दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत होतं.

"अगं, कुठे चाललीस?" दोरीवाले म्हणाले. "दाबायला कोण?"

"मी नाही बाई. दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोण आहे इथे?"

"ते मला माहीत नाही. एकुलती एक काच, तीही विहीणबाईंची. माझ्या हातून गेली तर पोरीला तोंड कसं दाखवू?"

डॉक्टरबाई पुढे आल्या. "का हो, तुमच्या हाताला काय झालं?"

"जड झालाय," बाई सरळ म्हणाल्या. आडपडदा नाही, कुरकुर नाही. "दोन महिन्यांपूर्वी एका भल्या माणसाची काच फोडली मी. तेव्हापासून भरवसाच गेला हाताचा. कपबशीसुद्धा दोन हातांनी उचलते."

ते दोरीवाल्यांनी रोज पाहिलं होतं. चहा देताना बाई कप असा धरत, की जणू तो उसना आणला आहे. पाहिलं होतं आणि वर्तमानपत्र वर केलं होतं.

आता समोर वर्तमानपत्र नव्हतं. काच होती, आणि काचेत बाईंचा चेहरा दिसत होता.

"तुझा हात नव्हता तो," ते काचेकडेच बघत म्हणाले.

"कोणता?"

"त्या दिवशी. माझा अंगठा होता. त्याला कळेनासं झालंय. दोरी जड झाली आणि मी ओढत राहिलो."

बाई दारातून परत फिरल्या. बादलीत नळाचे थेंब पडत होते.

"हे तुम्हाला कळलं कधी?"

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे?"

"काच तडकली तेव्हाच."

"आणि मी त्या माणसाची माफी मागत होते तेव्हा तुम्ही आत बसून काय करत होतात?"

"जाऊ दे म्हणालो."

"धन्य आहे! दोन महिने मी हात गरम पाण्यात घालून बसते. दोन महिने! तेल चोळते. रात्री बोटं मोजून बघते, दहा आहेत ना म्हणून. आणि हे गृहस्थ शेजारी घोरतात!"

"घोरत नव्हतो. जागाच असायचो."

"मग जागेपणी सांगायचं होतंत!"

दोरीवाल्यांना वाटलं, आता ही आत जाऊन दार लावून घेणार. पण बाई रिकाम्या खोक्याच्या कडेवर मटकन बसल्या. आपले दोन्ही हात त्यांनी पुढे धरले, उलटे केले, सुलटे केले, मुठी वळून पाहिल्या. आणि एवढा लांब श्वास सोडला, की डॉक्टरबाईंनाही तो ऐकू गेला.

"म्हणजे माझा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. भांडणाचा सूर कुठल्या कुठे गेला होता.

"तो चांगलाच आहे. हा दाखवा," म्हणत डॉक्टरबाईंनी दोरीवाल्यांचा उजवा हात ओढून घेतला. "डोळे मिटा. इथे टोचतंय? इथे? आता?" पेनचं टोपण त्या अंगठ्यावर फिरवत होत्या.

"कुठे टोचताय?"

"वा! कधीपासून आहे हे?"

"तीन-चार महिने."

"आणि कुणाला बोलला नाहीत. माझ्याकडे अशीच माणसं येतात. दात हातात आल्यावर सांगतात, हलत होता म्हणून. नस दबली असेल, मनगटात किंवा मानेत. मी दातांची, माझं ऐकू नका. सोमवारी ह्याच्या डॉक्टरकडे जायचं, वेळ मी घेते. आता आधी ही काच. साबण वाळतोय."

"पण विहीणबाई, दोरी कोण ओढणार? हा अंगठा तर..."

"मी."

"तुम्ही?" दोरीवाले घाबरलेच. "अहो, त्यात जोर लावायचा नसतो. ते हाताला कळावं लागतं."

"मला सांगताय? दात ओढून निघतो असं वाटतं का तुम्हाला? त्याला हळूहळू वाट करून द्यायची असते, मग तो आपणच येतो. जड लागलं की थांबायचं. हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून."

दोरीवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. अडतीस वर्षांत त्यांचं काम त्यांना इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"बसा आत," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी चपला काढल्या, सीट मागे सारली आणि दोरीची टोकं हातात घेतली. बाहेर बाई उभ्या राहिल्या. पदर खोचला, तळवे ओले केले. दोरीवाले त्यांच्याशेजारी, हात मागे बांधून. स्वतःच्या दुकानात असे रिकामे ते कधी उभे राहिले नव्हते.

"आधी खालची बाजू. मधून डावीकडे. काचेच्या मध्याकडे ओढा, अंगाकडे नको. हं, अशी."

दोरी सरकू लागली. आत डॉक्टरबाईंचा हात जाईल तिथे बाहेर बाईंचा तळवा. खालची बाजू बसली, डावी बसली, वरची बसली. मग दुसरं टोक धरून उजवीकडून वर. दोघींत शब्दाची देवघेव नव्हती. एकदा काचेतून दोघींची नजर मिळाली आणि दोघी हसल्या, तेव्हा दोरीवाल्यांना जरा हेवाच वाटला.

उजव्या वरच्या कोपऱ्याशी दोरी आली. तोच कोपरा. दोरीवाल्यांनी मागे बांधलेले हात सोडले. थांबा म्हणावं की नको, त्यांना कळेना. बाहेरून तर सगळं नीट दिसत होतं.

डॉक्टरबाईंचा हात थांबला.

"जड लागतंय," आतून आवाज आला.

बाईंनी तळवा तिथेच ठेवला, पण दाब काढून घेतला. दोरीवाले धावत आत वाकले. रबराची पाती बोटभर आत दुमडली होती, बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी लाकडी पट्टी साबणात बुडवली, डाव्या हाताने पातीखाली घातली आणि अलगद उलटवली.

"आता बघा."

"येतेय."

दोरीचा शेवटचा वीतभर तुकडा सुळकन निघाला आणि सबंध दोरी डॉक्टरबाईंच्या मांडीवर पडली. काच जागच्या जागी बसली होती. तडकण्याचा आवाज येतो का, ह्याची तिघंही वाट बघत होती. तो आला नाही.

मग पाण्याची परीक्षा. डॉक्टरबाई आत डॅशबोर्डवर कोरडा कागद पसरून बसल्या, बाहेरून दोरीवाल्यांनी नळी धरली, घड्याळ लावून दहा मिनिटं. कागद कोरडा राहिला. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरबाईंनी तिथूनच सुनेला फोन लावला. "बसली गं काच. हो, अख्खी आहे. तुझ्या आईने आणि मी बसवली. बाबा? होते ना. उभे होते."

चहा पिऊन त्या निघाल्या. जाताना दाराची काच खाली करून म्हणाल्या, "सोमवार. विसरलात तर घरी येऊन घेऊन जाईन, मागच्या सीटवर बसवून."

हिरवी गाडी वळणावर दिसेनाशी झाली. दोरीवाले बराच वेळ नळी गुंडाळत राहिले. ती दोनदा गुंडाळून झाली होती. आत जायचं म्हणजे बाकीचं ऐकून घ्यायचं, आणि तसं ते ऐकायलाच हवं होतं. शेवटी गेले.

बाई चहाची भांडी आवरत होत्या. तिन्ही कप त्यांनी एकाच हाताच्या बोटांत कानाला धरून उचलले आणि मोरीत नेले. दोरीवाल्यांनी ते पाहिलं. बाईंनी पाहू दिलं.

"त्या फोटोवाल्याला फोन लावा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"आत्ता?"

"मी त्याची माफी मागितली होती. ती परत घ्यायची आहे."

"हो."

"आणि विचारा, दुसरी काच मिळाली का. मिळाली असेल तर घेऊन ये म्हणावं. बाहेर मी आहे."

"आणि आत?"

"सोमवारी डॉक्टर काय म्हणतात बघू. नाहीतर विहीणबाई आहेतच, त्यांना आता चटक लागली असणार."

दोरीवाल्यांनी फोन घेतला. सवयीने उजव्या अंगठ्याने आकडे दाबले, ते चुकले. मग डाव्या हाताने एकेक आकडा बघून दाबला. पलीकडे घंटा वाजायला लागली.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी दोरीवाला. काम आहेच, पण त्याआधी एक सांगायचं आहे. दोन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं."

मोरीतला नळ बंद झाला. बाई ऐकत होत्या.