मडकं वाजवून पाहणाऱ्या अक्का

तर्जनी वाकवायची, तिच्या सांध्याने टक् करून वाजवायचं आणि कान जवळ न्यायचा. ही अक्कांची सवय. नारळ घेताना हे कुणीही करतं. अक्का मात्र आमच्या दारावर, कॉफीच्या फिल्टरवर, एकदा तर माझ्या नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीवरही करायच्या. मग निकाल लागायचा: ‘बोलतं’ नाहीतर ‘गप्प आहे’. तिसरा निकाल मी कधी ऐकला नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. आमच्या गल्लीतली मराठी तमिळच्या चालीवर चालते, ऐकलीत तर तुम्हाला हसू येईल. म्हणून त्यांचं बोलणं इथे जरा सरळ करून लिहिते आहे.

अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून वीस वर्षं त्यांनी लोकांच्या लाइनी जोडल्या. नुसत्या खरखरीवरून पलीकडे मदुरै आहे की मद्रास ते ओळखते, असं म्हणायच्या. मी काही ते खरं मानायची नाही. मग नव्वदीची वर्षं आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले, माणसं आपले आपण नंबर फिरवू लागली आणि अक्का रिकाम्या बोर्डासमोर बसू लागल्या. “दिवसाला चार कॉल, टीचर. कान गंजून जाईल,” म्हणाल्या आणि एका रविवारी आमच्या परसात येऊन बसल्या.

परसात मी मडकी करायची. मी शाळेत चित्रकला शिकवायची, आणि कलाशिक्षकांच्या उन्हाळी शिबिरात सहा आठवडे मातीकाम शिकून आले होते. प्रमाणपत्र समोरच्या खोलीत काचेत लावलं होतं. चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी फळीने थोपटायचं. मेट्टूर धरणाचं पाणी बंद होऊन कालवा आटला की तिरुवैयारूच्या वाटेवरून मोपेडवर खताच्या पोत्यात माती आणायची. भाजायला परसातलाच खड्डा. त्यात गवऱ्या, पेंढा, भाताचं तूस, मध्ये मडकी, वरून फुटक्या खापरांचं झाकण आणि त्यावर चिखलाचा लेप. सकाळी पेटवलं की दिवसभर धुमसायचं, आणि माडीवरच्या मामी वाळत घातलेल्या साड्या गोळा करता करता माझ्या माहेरचा उद्धार करायच्या. खापरं आम्ही जिवापाड जपायचो. मडकं फुटलं की घटकाभर हळहळ, पण तुकडे लगेच टोपलीत, पुढच्या भट्टीच्या झाकणाला.

अक्कांना मी शिकवलं. हे मुद्दाम सांगते, कारण गल्लीत नंतर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वळी कशी करायची, काठ कसा ओला ठेवायचा, सगळं मी. दोन महिन्यांत बाई माझ्या पुढे गेल्या. पहिल्याच भट्टीत माझी पाच मडकी होती, त्यातली तीन तडकली. त्यांचं एकच होतं, ते अखंड निघालं. त्यांनी ते वाजवलं, कान लावला आणि म्हणाल्या, “बोलतं.” मग माझ्या दोन उरलेल्यांना वाजवलं. “टीचर, ही अजून गप्प आहेत.”

अजून! जसं काही ती उद्या बोलू लागणार होती.

त्यांचं गुपित काही नव्हतं, तोच तर माझा संताप. त्या थांबायच्या. वाळत ठेवलेलं मडकं रोज गालाला लावून बघायच्या. गार लागलं की आत पाणी आहे, अजून भाजायचं नाही. मला शाळेची सुट्टी रविवारी, म्हणून माझं मडकं रविवारी वाळलेलं असायलाच हवं, असा माझा हिशेब. माती असला हिशेब ऐकत नाही, हे मला कळत होतं. पण त्यांचं ऐकते आणि माझं ऐकत नाही, हे सोसत नव्हतं.

हेवा वाटला, असं म्हणणं फार सभ्य होईल. माझा जळफळाट व्हायचा. माझ्या सासूबाई अक्कांच्या मडक्यात दही लावायच्या आणि माझं मडकं परसातल्या गळक्या नळाखाली ठेवायच्या. “याला काय, गळलं तरी चालतं,” म्हणायच्या. आमचे हे, मी केलेल्या कॉफीला कधी बरं न म्हणणारे, अक्कांना म्हणाले, “तुमच्या हाताला गुण आहे हो.” माझ्या घरात, माझ्या भट्टीपाशी, माझ्या मातीबद्दल!

मी माझ्या प्रत्येक मडक्याच्या तळाशी नाव कोरायची, देवनागरीत. हिंदीच्या परीक्षांपायी ती लिपी मला येत होती. गल्लीतली मराठी नुसती बोलण्यापुरती, ही लिपी वाचणारे दोघे-तिघेच, म्हणजे ते नाव बहुतेक मीच वाचायची. अक्का काहीच कोरायच्या नाहीत. “नाव कशाला? आवाज आहे ना,” म्हणायच्या.

मला त्यांच्या तोंडून एकदा ‘बोलतं’ ऐकायचं होतं. तीन वर्षं मी त्या एका शब्दासाठी माती मळली. शेवटी लाज सोडून म्हटलं, “अक्का, एकदा खोटं तरी म्हणा.” त्या खरोखर गोंधळल्या. “लाइन लागली नसताना लागली म्हणून कसं सांगू, टीचर?”

मग प्रदर्शन आलं. मद्रासहून एक बाई हस्तकलेच्या वस्तू निवडायला शाळेत आल्या होत्या. मी त्यांना आग्रह करून घरी आणलं. आदल्या दिवशीची भट्टी उघडून मडकी ओट्यावर ओळीने मांडली होती. अक्का ड्यूटीवर होत्या. पाहुण्या बाई माझ्या मडक्यांवरून नजर फिरवत गेल्या आणि कडेच्या एकापाशी थांबल्या. पोटाशी गोल, मानेला बारीक, एका अंगाला धुराची काळी सावली धरलेलं. त्यांनी ते उलटं केलं.

“बाकी सगळ्यांवर काहीतरी लिहिलंय. यावर नाही?”

“माझं नाव आहे ते,” मी म्हटलं. “यावर घालायचं विसरले.”

तेवढंच. मग खिळा आणला आणि त्या थांबलेल्या असताना भाजलेल्या मातीवर नाव खरवडलं. भाजलेल्या मातीवर नाव नीट उमटत नाही. वेडीवाकडी पांढरट अक्षरं आली. बाई मडकं घेऊन गेल्या.

संध्याकाळी अक्का आल्या. मी म्हटलं, “अक्का, तुमचं फुटलं.”

“तुकडे कुठे आहेत?”

“टाकले.”

त्यांनी कोपऱ्यातल्या खापरांच्या टोपलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “सरी, ठीक आहे,” म्हणाल्या, आणि घरी गेल्या. त्या भिंतीपलीकडे दिसेनाशा झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले. आम्ही तुकडे कधीच टाकत नव्हतो.

प्रदर्शन राजवाड्यातल्या एका दालनात भरलं. पांढऱ्या कापडावर मडकं, शेजारी इंग्रजी आणि तमिळमध्ये माझं नाव. सासूबाई अख्खी गल्ली घेऊन आल्या, आणि गल्लीत अक्का आल्याच. रखवालदार “हात लावू नका” म्हणत असतानाच त्यांनी बोट वाकवलं. टक्. कान लावला. डोळे मिटून त्या इतका वेळ ऐकत राहिल्या की लोक हसू लागले. मला वाटलं, आता संपलं. आता सगळ्यांसमोर सांगतील.

“बोलतं, टीचर,” त्या म्हणाल्या. “छान बोलतं.”

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, आनंदाने रडते आहे.

पुढच्या रविवारी अक्का नेहमीसारख्या आल्या. पण त्यानंतर माझ्या भट्टीत त्यांनी एकही मडकं ठेवलं नाही. “तुमची ठेवा, मी खापरं रचते,” म्हणायच्या. त्या करायच्या थांबल्या तर मला बरं वाटेल, अशी माझी तीन वर्षं समजूत होती. बरं बिलकुल वाटलं नाही. सांगून टाकावं असं दर रविवारी वाटायचं, आणि दर रविवारी मी भाताचं तूस पसरत बसायची. प्रदर्शन संपून मडकं परत आलं, ते मी कपाटाच्या वर लपवून ठेवलं. वर्षभरात अक्कांनी नोकरी सोडली आणि त्या कोइंबतूरला बहिणीकडे राहायला गेल्या.

त्या गेल्यावर मी थांबायला शिकले. मडकं रोज गालाला लावायची. एक मडकं तर मी सत्तावीस दिवस वाळवलं. पाऊस नाही, घाई नाही, रविवार नाही. ज्या दिवशी गार लागलं नाही त्या दिवशी शाळेत रजा टाकून भाजलं. थंड झाल्यावर बाहेर काढून टक् केलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

मडकं पदराखाली घेऊन मी कोपऱ्यावरचा बूथ गाठला. बाहेर चार माणसं उभी होती. कोइंबतूरला अक्काच फोनवर आल्या.

“अक्का, नुसतं ऐका,” म्हटलं आणि रिसीव्हर मडक्याच्या तोंडाशी धरून वाजवलं. काचेबाहेरची चार माणसं माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे पाहावं तशी पाहत होती.

“पुन्हा,” अक्का म्हणाल्या.

मी पुन्हा वाजवलं. पलीकडे खरखर, मग काहीच नाही. मला वाटलं लाइन तुटली.

“बोलतं,” त्या म्हणाल्या. “पण ते माझं होतं ना, ते याच्याहून बरं बोलायचं.”

“हो अक्का,” मी म्हटलं. “तुमचंच होतं ते.”

“सरी. आता दही लावा त्यात,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अक्कांना देवाघरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं मडकं कपाटावरून खाली आलं आहे. आमची दोन्ही मडकी स्वयंपाकघरात शेजारी शेजारी असतात. अधूनमधून मी एकेकाला वाजवून बघते. अजून त्यांचंच बरं वाजतं, आणि अजून मला ते सोसत नाही.