दाखवा, मगच आत या

मी खाली बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, कोथिंबीर घ्यायला गेलो होतो, तेव्हा मुलाचा फोन आला. "बाबा, वर या." एवढंच बोलला. दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगची मेली लिफ्ट त्या दिवशी प्रत्येक मजल्यावर थांबत होती. जुडी हातात तशीच. हलिमा, माझी बायको, कोथिंबिरीची जुडी दारातच हातात घ्यायची, सुतळी सोडून आतली पानं बघायची, सडकी निघाली तर मला परत खाली पाठवायची. त्या दिवशी मी जुडी घेऊन दारात उभा राहिलो आणि बघायला कुणी आलं नाही.

जनाजा उठायच्या आधी हॉलमध्ये माणसं बसली होती. एकामागून एक मला तेच सांगत होती. "चाचा, चाची म्हणजे गरीब गाय हो. कधी कुणाला उलटून शब्द नाही." त्या वेळेला मी गप्प बसलो. मयताच्या घरात भांडू नये. पण आता काही आठवडे झालेत, आणि मी बोलणार आहे. ती गाय नव्हती. गाय असती तर आज मी हे सांगायला जिवंत असतो की नाही, अल्लाला ठाऊक. मी चौथी शिकलेला माणूस, मी बोलतो आणि सून पेपरच्या पुरवणीसाठी टाइप करते. मघाशीच म्हणाली, "बाबा, पिस्तुलाचं नको. पुरवणीत बायका वाचतात." मी म्हटलं, बायकांनीच वाचावं. टाक.

साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हाची दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही अंगाला बाजार, आणि मागे रेतीच रेती. बाणकोट खाडीवरून उठून मी या दुसऱ्या खाडीवर आलो, देऱ्याच्या बाजारात एका सेठच्या दुकानी लागलो. सेठ आमच्याच रायगडकडचे, घड्याळांचा आणि सोन्याचा धंदा. माझं काम असं, की दुकानातली पेटी अब्र्यात, म्हणजे त्या वल्ह्याच्या होडीत, बसून पलीकडे पोचवायची आणि पलीकडची इकडे आणायची. पेटीत काय आहे ते विचारायचं नाही. कमरेला सेठची सहाबारी रिव्हॉल्व्हर. कमरेला हत्यार असण्यात तेव्हा कुणाला नवल नव्हतं. अरब माणूस खंजिराशिवाय घराबाहेर पडत नसे, आणि बैठकीला गेला की आपली बंदूक दाराजवळच्या खुंटीला टांगून मगच आत कॉफी प्यायला बसे.

हलिमा पहिल्यांदा आली तेव्हा कडेवर आमची जुबेदा होती, जेमतेम चालायला लागलेली. झावळ्यांची झोपडी, इथे तिला बरस्ती म्हणत, त्यात एक खोली, एक पडवी. मी कामावरून आलो, तर ही दारात आडवी. म्हणाली, "ती पिडा घेऊन आत नाय यायचा." मी म्हटलं, काय डोक्यावर ठेवू? दुसऱ्या दिवशी बघतो तर पडवीच्या खांबाला खुंटी ठोकलेली. खाडीवर एक मोडकं वल्हं पडलं होतं, त्याचा तुकडा शेजारच्या होडीवाल्याकडून तासून आणला होता. शेजारच्या अरब बाईकडे बैठकीच्या दारात खुंट्या बघितल्या होत्या म्हणे तिनं. पण तिचा कायदा अरबांच्या वरचा. नुसतं टांगून चालायचं नाही. "दाखवा," म्हणायची. ती जुनी पलटणीतली सहाबारी मधून मोडून उघडायची. मी काडतुसं काढून तिच्या हातात द्यायचो, ती बिस्किटाच्या डब्यात टाकायची. मग मी उघडी सहाबारी उजेडाकडे धरायचो आणि ती एक डोळा मिटून बघायची. सहा भोकं, सहातून आभाळ. मग बाजूला सरायची. "या आता. चहा टाकते." रोज. तापाने फणफणून आलो तरी. एकदा रागाने म्हटलं, अगं, मी काय चोर आहे? "चोराला मी दारातबी उभा करणार नाय," म्हणाली.

आता खरं सांगतो, मला ती सहाबारी आवडायची नाही. सेठकडे तेव्हा परदेशातून नवं पिस्तूल आलं होतं, मॅगझिनवालं, ऑटोमॅटिक. रोज अंगावर वागवणाऱ्यालाच फरक कळतो. सहाबारीचं ते चक्र म्हणजे कमरेला नारळ बांधल्यासारखं, शर्ट फुगायचा, अब्र्यात चढता-उतरताना हाडावर आपटायचं, संध्याकाळी कातडी लाल. नवं पिस्तूल चपटं. शर्टाखाली गेलं की गेलं, आहे की नाही कळायचं नाही. सहाच्या जागी आठ काडतुसं. सहाबारी एकेक दाणा टाकून भरावी लागायची, हे खालून मॅगझिन सारलं की तयार. घामाने सहाबारीवर तांब चढायची, हे काळंभोर, गुळगुळीत. बरोबरीची पोरं म्हणायची, जुनं लोढणं सोड आणि हे घे, शान आहे. सेठ म्हणाले, "पुढच्या जुम्म्यापासून तू हेच लावायचं. सहाबारी परत कर." मी खूश. घरी येऊन हलिमाला सांगितलं. तिने एकच विचारलं. "त्याची भोकां दिसतात?"

मी म्हटलं, भोकं नसतात त्याला. काडतुसं दांड्यात असतात, मॅगझिन काढलं की झालं रिकामं. ती भात वाढत होती, हात थांबला. तेव्हा तिने मला तिच्या भावाची गोष्ट सांगितली. तोवर मला एवढंच ठाऊक होतं, की तो लहानपणी वारला. तिच्या माहेरी डुकरं मारायला ठासणीची बंदूक होती. मामा शिकारीहून आला, भावाच्या हातात बंदूक देऊन म्हणाला, रिकामी हाय, टांगून ये... भाऊ खुंटीपर्यंत पोचला नाही. "मामा खोटा नाय बोललेला," हलिमा म्हणाली. "त्याला तसाच वाटत होता. तुमी ती वस्तू आणा, खुशाल आणा. पण मना दिसला पायजे. नाय दिसला, तर मी पोरीला घेऊन पुढच्या बोटीनं जाते." आणि ती जाणारी बाई होती. धमकी देणारी नव्हती, जाणारी होती. मी तिला समजावलं, ओरडलो, नोकरी गेली तर कागद सेठच्या हातात आहेत, इथून उचलबांगडी होईल म्हणून सांगितलं. तिने ट्रंक खाटेखालून ओढून बाहेर ठेवली. बंद. नुसती ठेवली.

जुम्म्याच्या आदल्या सकाळी मी दुकानात पेटी बांधत होतो, आणि बुरखा घातलेली, कडेवर पोर घेतलेली बाई आत आली. आमची बाई बाजारात एकटी यायची नाही तेव्हा. सेठनी ओळखलं. "ये बेटी, बस. काय काम काढलंस?"

"सेठ, ह्यांना देणार ती वस्तू मना दाखवा."

सेठ हसले. दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. "अगं, या काय बांगड्या आहेत, पसंत करायला?"

"बांगड्या असत्या तर हातात घालून बघितल्या असत्या. ही माझ्या घरात येणार."

मी मान खाली घातली. सेठनी गल्ल्याखालून पिस्तूल काढलं, खटका दाबला, मॅगझिन तळहातावर घेतलं, तिच्यापुढे धरलं. "हे बघ. रिकामं. खलास."

"खलास?"

"खलास म्हटलं ना."

"मग तुमच्या पायावर धरून घोडा दाबा."

दुकानात एवढी घड्याळं, सगळ्यांची टिकटिक मला ऐकू येत होती. सेठनी आपल्या पायाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग त्यांनी पिस्तुलाचा वरचा पत्रा मागे ओढला, आणि नळीच्या मागच्या तोंडात बसलेलं एक काडतूस टुणकन उडून काचेवर पडलं, घरंगळत गेलं आणि एका लेडीज घड्याळाच्या पट्ट्याला टेकून थांबलं. कुणी उचललं नाही.

हलिमा हळूच म्हणाली, "सेठ, तुमी खोटा नाय बोललात. तुमाला तसाच वाटत होता." पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली आणि गेली.

नंतर मी तिला विचारलं होतं, आत काडतूस आहे हे तुला कसं कळलं? म्हणाली, "मना काय ठाव? मी त्यांचा तोंड बघत होते. दाबला असता तर मी माफी मागून आले असते."

तुम्हाला वाटेल सेठनी तिचा मान ठेवला. कसला ठेवतात! गिऱ्हाइकांसमोर नाक कापलं होतं. दुपारी मला म्हणाले, "बायको हुकूम देणार आणि मी दुकान चालवणार? यल्ला, उद्यापासून गोदामात." नवं पिस्तूल युनूसला मिळालं, तो मुरुडकडचा, माझ्याहून तरणा. मी गोदामात तांदळाची पोती लावायला लागलो. पगार घटला. बाजारातून जाताना पोरं दात काढायची, "काय रे, आज घरी दाखवून आलास का?" युनूस तर शर्ट वर करून कंबर दाखवायचा, "बघ, काही दिसतं का?" मी घरी येऊन हलिमावर ओरडलो, तुझ्या हट्टापायी मी हमाल झालो. तिने भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "हमाल तर हमाल. तांदळाचा पोता आपसूक उडत नाय." ट्रंक मात्र तिने परत खाटेखाली ढकलली होती.

आणि आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ही गोष्ट मी कुणाला सांगितली की इथे प्रत्येक जण विचारतो, मग युनूसच्या पिस्तुलाने घात केला असेल ना? काही केला नाही. ते पिस्तूल उत्तम चाललं. रेती गेली नाही, अडकलं नाही, चुकून सुटलं नाही. युनूस ते लावून फिरला, पुढे गावी लग्नाला गेला आणि तिकडेच राहिला. म्हणून सेठनी मला परत बोलावलं. गल्ल्यावर दोन्ही ठेवली होती, नवं पिस्तूल आणि सहाबारी. मी सहाबारी उचलली. तेव्हा म्हणाले, "बायकोला सलाम सांग." चेष्टेत की खरं, मला आजही कळलेलं नाही. मी घरी सलाम सांगितला. हलिमा म्हणाली, "आधी दाखवा."

तर घात झाला नाही, तरी खरं तिचंच होतं. मी हे कुणाहीपुढे म्हणेन. माझा नातू, मला दादा म्हणतो, आमच्यात आजोबाला दादाच म्हणतात, तो कॉलेजात आहे. मोबाईलवर बघून मला सांगतो, "दादा, मॉडर्न वन्स आर मच सेफर. रिव्हॉल्व्हर इज लाइक, अँटिक." असेल बाबा. नव्यात काय काय सोयी निघाल्यात, त्या मला माहीत नाहीत, आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, एसीशिवाय मला झोप येत नाही. पण वस्तू कमरेला लावणारा एक, आणि त्या वस्तूबरोबर घरात राहणारी दुसरी. पसंतीला विचारतात कुणाला? लावणाऱ्याला. शर्ट फुगतो का, हाताला हलकं लागतं का, दोस्त काय म्हणतात... हेच मीही बघितलं होतं. जिची पोर त्या खोलीत खेळत होती, तिला एका नजरेत कळलं पाहिजे, कुणाच्या शब्दावर विसंबायला लागू नये, एवढं मागणारी बाई हट्टी असेल तर असू दे हट्टी. ती सहाबारी मी कुणावर कधी उगारलीही नाही. जुबेदा आज स्वतः आजी आहे. आणखी काय पाहिजे?

पुढे राज्य बदललं, पोलीस वाढले, बँकांच्या गाड्या आल्या, आमच्यासारख्यांच्या कमरेची हत्यारं गेली. सहाबारी सेठना परत दिली. खुंटी दिली नाही. बरस्ती मोडली तेव्हा हलिमाने ती उपटून पदरात बांधली, आणि जिथे जिथे बिऱ्हाड केलं तिथे तिथे दारात ठोकली. तिच्यावर मग माझी टोपी आली, छत्री आली, नातवाची स्कूलबॅग आली. आणि "दाखवा" गेलं नाही. मासळी दाखवा, रिपोर्ट दाखवा, डॉक्टरची चिठ्ठी दाखवा. मुलगा पहिल्यांदा सिगारेट ओढून आला तेव्हा "तोंड दाखव" म्हणाली होती. बहारिनची कंपनी मला जास्त पगारावर बोलवत होती, तेव्हा एजंटला आमच्या दारात उभं करून म्हणाली, "कागद दाखवा," आणि त्याच्याकडे कागद नव्हताच. अशी बाई गरीब गाय? ज्याने म्हटलं त्याने येऊन माझ्यासमोर पुन्हा म्हणावं.

आता मुलगा म्हणतो, घरमालक भिंती रंगवतोय, बाबा, ती खुंटी काढू या, छान स्टीलचा स्टँड आणतो. मी म्हटलं, रंगाऱ्याला सांग, तिच्या बाजूने रंगव. तो म्हणाला, "बाबा, जुनं लाकूड आहे ते." मी म्हटलं, हो. जुनंच आहे. हात लावायचा नाही. सून हे टाइप करताना हसते आहे... हसू दे.

मी मशिदीतून येतो. चपला काढतो, टोपी खुंटीला लावतो, आणि लगेच आत जात नाही. पाय जातच नाहीत. दारासमोर पॅसेजची खिडकी आहे, तिच्यातून ऊन येतं. दोन्ही हात उघडे करून मी त्या उजेडाकडे धरतो, बोटं फाकवून. शेजारची मल्याळी बाई बघते, तिला वाटत असेल म्हातारा दुआ मागतोय. तसं काही नाही. बघ गं, म्हणतो, रिकामे आहेत.

मग आत जातो.