दोन दिवसांचं पाणी

मछलीचाचांचा आवाज आधी यायचा, मग चाचा. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावतानाच ते कुणावर तरी खेकसत असत. जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या गदारोळात फिटर म्हणून उभा जन्म गेलेला, त्यामुळे हळू बोलणं ते विसरलेच होते. गॅरेजमध्ये मासे वाढवायची खोली करायचं मनात आलं तेव्हा घरी वर्षानुवर्षं मासे पाळणाऱ्या या चाचांना मी सल्ल्याला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली, कारण काचेच्या टाक्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या.

"टाकी कशाला आणली? पाणी कुठंय? पहले पाणी का सोचनेका, मंग मछली!"

पुढचे तीन महिने गॅरेजच्या फरशीवर नुसत्या खडूच्या रेघा. पाण्याचे ड्रम इथे, अंड्यांची टाकी तिथे, पिल्लांची तिच्या शेजारी. दुपारी शटर तापतं म्हणून सगळं त्याच्यापासून चार हात लांब. रेघ बोटभर चुकली तरी पुसून पुन्हा. नळाचं पाणी दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवायचं, त्यातलं क्लोरीनचं औषध उडालं की मगच टाकीत, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की माझं डोकं फिरायचं. मी काय कुक्कुलं बाळ होतो?

शेवटी त्यांनी स्वतःची एंजल माशांची जोडी आणून दिली. चाचा लेकीकडे परभणीला कायमचे जायचे होते आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टाकीला जागा नव्हती. "पंधरा साल ही नसल सांभाळली. आता तुला देऊन राह्यलो," एवढंच म्हणाले, तेही ओरडूनच.

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की रिकामं भांडं डोळ्यांत खुपतं. त्या दिवशी घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरून झाला. पाइप हातातच होता आणि जोडीची टाकी चार बोटं कमी दिसली. दिली भरून. सकाळी दोन्ही मासे आडवे तरंगत होते.

चाचा आले, टाकीचा वास घेतला आणि सगळी गल्ली दारात येईपर्यंत ओरडले. "पढेलिखे हो ना? दोन दिवस रुकता आलं न्हाई तुला?" चूक माझीच होती. पण चारचौघांत? मी रागाने नुसता धुमसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शटरवर थापा पडल्या. "अरे खोल! जल्दी! काम है!" मी आत कडी लावून स्टुलावर बसलो होतो. कालचं उरलेलं ऐकवायला आले असतील, असं वाटलं. थापा थांबल्या.

संध्याकाळी आई म्हणाली, "चाचा कोपऱ्यावर भेटल्ते. बरणीत नखाएवढाली पिल्लं होती, त्याच जोडीची, त्यांच्या घरी राह्यलेली. मी घेते म्हणलं, तर म्हणले, 'त्याच्याच हातात देतो, पाणी समजवायचंय.' तू कुठं गेल्तास रे?"

कुठेच गेलो नव्हतो. तरी उठलो नाही. जरा त्यांनाही कळू दे, असा माज. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेक घेऊन गेली. जीपमधी बरणी मांडीवर घेऊन बसल्ते."

चाचा गेल्या उन्हाळ्यात परभणीलाच वारले. पिल्लांचं काय झालं, हे त्यांच्या लेकीला विचारायची माझी हिंमत नाही. त्यांचाही राग येतो मला. एवढं गल्ली हादरवणाऱ्या माणसाला, 'पिल्लं आणलीत', एवढं ओरडता आलं नाही? स्वतःवरचा राग मात्र कुठे टाकावा, ते कळत नाही. कुलूप पाहून परतलो त्याच दिवशी शटरची आतली कडी मी हातोडीने तोडून टाकली.