पाणी थांबलं की लिंक तुटायची

"म्याडम, परत गेली," सुनंदाताई फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. "काल तुमी हितं होता तवा चांगली चालली हुती. आज सकाळपासनं नुसतं टाइमआउट."

टाइमआउट म्हणजे पलीकडच्या यंत्राने ठरलेल्या वेळेत उत्तर न देणं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीकडच्या एका साखर कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम बघायचे. कोणाची ऊसलागण कधीची, तोडीची पाळी कधी, या सगळ्या नोंदी कारखान्यातल्या सर्व्हरवर होत्या. डाळजकडच्या गट ऑफिसातल्या ऑपरेटर सुनंदाताई या नोंदी तिथून बघून शेतकऱ्यांना सांगायच्या. वायर नव्हती. रेडिओ मोडेम आणि दोन्हीकडे अँटेना, कारखान्यात टाकीवर, डाळजला खांबावर; हीच आमची लिंक. ऑफिससमोरच, लिंकच्या वाटेत, उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी.

उन्हाळ्यात टेस्टिंगला लिंक एकदाही तुटली नाही. पावसाळा संपल्यावर नखरे सुरू झाले. कारखान्याच्या एमडींनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मोळी टाकायच्या दिवशी लिंक चालली पाहिजे. नाहीतर डाळजचा कॉम्प्युटर इकडे आणा. त्या बाईंचं कंत्राटही तिथेच थांबवू."

मोळी टाकणं म्हणजे पूजा करून उसाची पहिली मोळी गाळपयंत्राच्या गव्हाणीत सोडणं. हंगाम तिथून सुरू होतो. सुनंदाताईंना रोज बारामतीला येणं शक्य नव्हतं. ऑफिस गेलं की नोकरी गेली.

सर्व्हर तपासला. ठणठणीत. कारखान्यात सगळ्यांचं लॉगिन होत होतं. डाळजला जाऊन मोडेम बदलला, केबल बदलली. काडीचाही फरक नाही.

गटाचे संचालक तात्या अंगणात उभे होते. "खांब अजून वर घिऊ का? मागं मीच पाइप जोडून वाढवलाय. हायवेवरनं दिसला पायजे!"

"आणि त्रास कधीपासून वाढला?" मी विचारलं.

"पाइप जोडल्यापासनंच," आतून सुनंदाताई म्हणाल्या. तात्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी वैतागून पाण्याकडे गेले. वारा पडला होता. अख्खं आभाळ, उडणाऱ्या बगळ्यांसकट, पाण्यात उलटं दिसत होतं. मी बघतच राहिले. तेवढ्यात झुळूक आली, पाण्यावर तरंग उठले, आभाळ मोडलं, आणि मागून ओरडणं ऐकू आलं, "म्याडम, आली! लॉगिन आलं!"

वारा थांबला. पाणी संथ झालं. "गेली वो."

कोडं सुटलं. रेडिओची लहर सरळ येते, तशी शांत पाण्यावरून आरशावरून उजेड यावा तशी उसळूनही येते. दोन्ही एकत्र पोचल्या की कधी कधी एकमेकींना खाऊन टाकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं होतं, तिथं उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी गाळपेर केली होती, आरसाच नव्हता. हे सगळं मी पुस्तकात शिकले होते. पण वाऱ्याच्या एका झुळकीने कॉम्प्युटरचा पडदा उजळताना बघून मी हात जोडले. कोणाला, ते आजही सांगता येणार नाही.

"तात्या, खांब खाली घ्यावा लागेल. पाण्याकडच्या बांधाच्या आड. त्याला कारखान्याची टाकी दिसली पाहिजे, पाणी नाही."

"खाली? नारळ फोडून उभा केलाय म्याडम. लोक हसत्याल."

"मग ऑफिस बंद होईल."

तात्यांनी दाराकडे पाहिलं. सुनंदाताई चौकट धरून उभ्या होत्या.

"काढा," तात्या म्हणाले, आणि खांबाला ताणून धरणारी तार त्यांनी स्वतःच सोडली.

मोळीच्या दिवशी मी सर्व्हरजवळ बसले होते. फोन वाजला. "म्याडम, पाणी काचंवानी हाय," सुनंदाताई म्हणाल्या, "आन समदं दिसतंय. समदं!"

खांब एवढा बुटका का, असं कोणी विचारलं की तात्या ऐटीत सांगत, "आमचं मशिन भारी हाय, त्याला उंची लागत न्हाय."

मी मात्र तेव्हापासून एक शिकले. लिंक तुटली की दोन्ही टोकं तपासावीत, आणि मग चपला घालून मधली वाट बघून यावी.