इतिहास कुठला घ्यायचा

लेकीला अकरावीसाठी इतिहास निवडायचा होता: प्राचीन किंवा आधुनिक. शाळेचा फॉर्म एका पानाचा, पण अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलच्या घरात त्यावर आठवडाभर मीटिंगा झाल्या. मी एक्सेल शीट केली. शेजारचे काका जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये. ते म्हणाले, “प्राचीन घ्या. स्टेबल आहे, नवीन अपडेट येत नाहीत.” मी लगेच प्राचीनला दहापैकी नऊ दिले. बायको म्हणाली, “आधुनिक घेऊ दे. निदान तू तरी शिकवशील.” मग आधुनिकला दहा.

त्या दिवसापासून रोज जेवताना मी लेकीची तयारी करून घ्यायला लागलो. आमच्या वेळी फोनसाठी किती वर्षं थांबायचे, एका टीव्हीसमोर सगळी बिल्डिंग कशी बसायची, सगळं सांगितलं.

शुक्रवारी तिने परस्पर फॉर्म भरला. प्राचीन!

मी भडकलो. “एवढं शिकवलं, त्याचं काय? कारण तरी सांग!”

“बिकॉज, बाबा,” ती शांतपणे म्हणाली, “त्यात तू नव्हतास.”

तिला झापायला मी तोंड उघडलं, तर “आमच्या वेळी” एवढंच बाहेर पडलं.